सोलापूरच्या कोरड्या मुलखातील गोगलगाई: शोधण्याची, पाहण्याची आणि कुळापर्यंत ओळखण्याची रीत

गोगलगाई पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्यात फिरावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हा प्राणी म्हटला की कोकणातील ओल्या भिंती किंवा महाबळेश्वरकडील शेवाळलेले बुंधे डोळ्यांपुढे येतात. वर्षाकाठी सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटर आणि तोही लहरी पाऊस, एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या वर राहणारा पारा आणि उन्हाळ्यात मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी जमीन, अशा मुलखात ओलाव्यावाचून ज्याला पाऊलही टाकता येत नाही त्या प्राण्याने टिकून राहावे हे नवलच आहे. तो टिकतो, कारण वर्षातील बराचसा काळ तो शंखाचे तोंड बंद करून पडून राहतो. अभ्यासकाने आपले वेळापत्रकही त्याच हिशेबाने आखले पाहिजे.

या जिल्ह्यात जिवंत गोगलगाई कमी दिसतात, परंतु रिकामे शंख बऱ्यापैकी मिळतात आणि ते दीर्घकाळ टिकतात. शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा बनलेला असतो. कोकणातील जांभ्याच्या आम्ल मातीत तो लवकर विरून जातो. सोलापूरच्या चुनखडीयुक्त मातीत मात्र वर्षानुवर्षे शाबूत राहतो. म्हणून नवशिक्याने सुरुवात रिकाम्या शंखांपासून करावी, त्यांवर हात बसवावा, आणि मग पावसाळ्यात जिवंत प्राण्याकडे वळावे असे माझे मत आहे. त्यात एक सावधगिरी आधीच सांगितली पाहिजे: शंख टिकतो म्हणूनच तो साक्षीदार म्हणून थोडा कच्चा असतो. नांगरटीनंतर वर आलेला पांढराफटक शंख गेल्या पावसाळ्यातील असू शकतो, तसाच फार जुनाही असू शकतो. केवळ असा शंख हाती आल्यावर ती जाती आज त्या शेतात राहते असे लिहू नये. शंखावरील पातळ, रंगीत, चकचकीत बाह्यत्वचा शिल्लक असेल तर तो ताजा समजावा. ती पूर्ण उडाली असेल तर नोंदीत ‘जुना शंख’ एवढेच लिहावे.

कधी आणि कोठे शोधावे

मृगाच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतरचे आठ दिवस महत्त्वाचे असतात, कारण उन्हाळाभर बंद राहिलेले प्राणी त्या वेळी बाहेर पडतात आणि खाणे व मीलन दोन्ही घाईने उरकून घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये सोलापूरकडे पावसाचा जो खंड पडतो त्यात ते पुन्हा दडून बसतात, म्हणून त्या दिवसांत रिकाम्या हाताने परतावे लागल्यास निराश होण्याचे कारण नाही. येथील खरा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा आहे. या भागात वर्षातील सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने जमीन खोलवर भिजते, आणि जूनमध्ये घातलेल्या अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लेही तोपर्यंत ओळखण्याइतकी वाढलेली असतात.

वेळ रात्री आठ-नऊनंतरची किंवा पहाटे सूर्योदयापूर्वीची ठेवावी. दिवसा त्या सापडतात त्या लपण्याच्या जागी: शेताच्या बांधावरील दगडांखाली, कडब्याच्या गंजीच्या तळाशी, विहिरीच्या थारोळ्याजवळ, केळी-कर्दळीच्या बुडख्यात, ठिबकच्या नळीखाली, मोरीच्या बाहेरच्या ओलीत आणि कुंड्यांच्या तळाशी. बाभूळ, हिवर, बोर यांच्या खोडांवरील भेगाही पाहाव्यात, कारण कोरड्या प्रदेशातील काही जाती जमिनीची धग टाळण्यासाठी झाडावर चढून खोडाला चिकटून उन्हाळा काढतात. जुन्या चुन्याच्या बांधकामाजवळ शोध घेणे फायद्याचे ठरते, कारण शंख वाढवण्यासाठी या प्राण्यांना चुना लागतो आणि तो त्या भिंती, दगड किंवा दुसऱ्यांचे रिकामे शंख खरवडून मिळवतात. मात्र भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूत काहीही उकरू नये. नजरेने आणि कॅमेऱ्याने भागवावे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, जे १९७९ पासून संरक्षित आहे, वन विभागाच्या परवानगीवाचून रिकामा शंखदेखील उचलू नये.

बारीक शंखांसाठी नदीकाठासारखी जागा नाही. रिकामा शंख आत हवा राहिल्याने पाण्यावर तरंगतो, आणि भीमेचा किंवा सीनेचा पूर ओसरला की काड्या, बिया, कडब्याचे तुकडे यांच्यासोबत तो काठावरच्या कचऱ्याच्या रेषेत अडकून राहतो. ही रेषा कोरडी झाल्यावर दोन-तीन ओंजळी कचरा पिशवीत भरून आणावा, घरी वर्तमानपत्रावर वाळवावा, आधी धान्याच्या जाड चाळणीतून आणि मग रव्याच्या चाळणीतून चाळावा. दुसऱ्या चाळणीवर जे राहते ते काळ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहिले की तीन-चार मिलिमीटरचे असे शंख निघतात, जे शेतात उभ्या माणसाच्या नजरेला कधीच पडले नसते. अर्थात हे शंख वरच्या खोऱ्यातूनही वाहत आलेले असू शकतात, म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर ‘पुराच्या कचऱ्यातून’ हे शब्द असलेच पाहिजेत.

या कचऱ्यात गोड्या पाण्यातील शंखही भरपूर असतात आणि ते आधी वेगळे काढावे लागतात. उजनीच्या फुगवट्यात, एकरूख तलावात किंवा एखाद्या कॅनॉलच्या कडेला जे सहज दिसतात त्यांत तीन प्रकार लक्षात ठेवावेत. बेलामिया हा गोलसर, टोकदार, हिरवट-तपकिरी शंख असतो आणि त्याच्या मुखावर शिंगासारख्या पदार्थाची झाकणी असते. मेलानॉइडीस उंच आणि निमुळता असून त्याच्यावर उभ्या कंगोऱ्यांची आणि आडव्या रेषांची खडबडीत जाळी असते. इंडोप्लॅनॉर्बिस चपटा, एकाच पातळीत गुंडाळलेला, तपकिरी असतो; त्या प्राण्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने जिवंतपणी तो लालसर दिसतो. जमिनीवरच्या लहान उंच शंखांची पातळ, काचेसारखी गुळगुळीत भिंत मेलानॉइडीसच्या जाड, खडबडीत भिंतीशेजारी ठेवून एकदा पाहिली की पुन्हा गोंधळ होत नाही.

सामान फारसे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर, मऊ कुंचला, झाकणाच्या लहान प्लास्टिकच्या डब्या, शिसपेन्सील, कागदाच्या चिठ्ठ्या, विजेरी आणि रबरी हातमोजे एवढे पुरे. हातमोज्यांचा आग्रह उगाच नाही, त्याचे कारण पुढे येईल.

जिवंत प्राणी समोर असताना

जिवंत प्राणी मिळाला तर शंखाकडे पाहण्याआधी प्राण्याकडे पाहावे. बहुतेक लोक नेमके उलट करतात, आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती हातची घालवतात. शंखाचा आकार परिस्थितीनुसार जुळून येतो. परस्परांशी नाते नसलेल्या कुळांतही तो सारखा असू शकतो. उदरपाद प्राण्यांनी, म्हणजे गोगलगाई ज्या वर्गात मोडतात त्या प्राण्यांनी, समुद्रातून आणि गोड्या पाण्यातून जमिनीवर येण्याचा प्रवास एकदाच नव्हे तर अनेक वेळा, स्वतंत्रपणे केलेला आहे, आणि या निरनिराळ्या प्रवासांच्या खुणा शरीरावर जास्त स्पष्ट उमटलेल्या आहेत.

पहिला प्रश्न संस्पर्शकांचा, म्हणजे ज्यांना आपण सर्रास शिंगे म्हणतो त्यांचा. प्राण्याला ओल्या पानावर ठेवून पाच-दहा मिनिटे न हलवता थांबावे. शिंगांच्या दोन जोड्या बाहेर आल्या, वरची जोडी लांब आणि तिच्या अगदी टोकावर काळे ठिपके म्हणजे डोळे दिसले, आणि स्पर्श करताच ती शिंगे मोज्याचे बोट आत उलटावे तशी टोकापासून आत ओढली गेली, तर तो प्राणी स्टायलोमॅटोफोरा या गटातील आहे. जगातील आणि आपल्याकडीलही बहुसंख्य भूचर गोगलगाई याच गटात मोडतात. एकच जोडी असेल, डोळे तिच्या बुडाशी असतील आणि शिंगे आत उलटण्याऐवजी नुसती आखडत असतील, तर तो सीनोगॅस्ट्रोपोडा या उपवर्गातील, समुद्री शंखांना जवळचा प्राणी समजावा.

दुसरा प्रश्न दाराचा. सीनोगॅस्ट्रोपोडा गटातील भूचर गोगलगाईंच्या पायाच्या पाठीवर, शेपटीकडे, एक कायमची झाकणी असते, जिला प्रच्छद म्हणतात. प्राणी चालतो तेव्हा ती त्याच्यासोबत फिरते, तो आत गेला की मुखावर घट्ट बसते, आणि तिच्यावर वाढीची वलये दिसतात. स्टायलोमॅटोफोरा गटाला अशी झाकणी नसते. मात्र उन्हाळ्यात हे प्राणी मुखावर चिकट स्रावाचा पडदा धरतात. तो वाळून कागदासारखा होतो, आणि काही जातींत त्यात चुना मिसळल्याने तो पांढरा व कडक बनतो. नवशिके या पडद्यालाच झाकणी समजतात. फरक सोपा आहे: पडद्यावर वाढीची वलये नसतात, तो प्राण्याच्या पायाला जोडलेला नसतो, आणि पाऊस पडला की प्राणी तो मोडून टाकून देतो.

या पडद्यामागे प्राणी किती काळ तग धरतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इजिप्तमधून आणलेली एक वाळवंटी गोगलगाय मेलेली समजून ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली होती. १८५० साली पुठ्ठ्यावर स्रावाची खूण दिसल्याने तिला कोमट पाण्यात ठेवले, तेव्हा ती चालू लागली. आपल्यासाठी यातील व्यवहाराचा भाग एवढाच की एप्रिलमध्ये बांधाखाली मिळालेला शंख रिकामा धरून सरळ डबीत टाकू नये. मुखातून आत उजेड धरून पाहावे आणि पडदा दिसला तर जेथल्या तेथे ठेवून द्यावा.

तिसरे निरीक्षण काचेचे, आणि ते मुलांना दाखवण्याजोगे आहे. स्वच्छ काचेचा तुकडा पाण्याने ओला करून त्यावर गोगलगाय ठेवावी आणि ती चालू लागली की काच उचलून खालून पाहावे. पायाच्या तळव्यावर गडद आडव्या पट्ट्या शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक सरकताना दिसतात. त्या स्नायूंच्या आकुंचनाच्या लाटा होत. प्रत्येक लाटेत तळव्याचा तेवढाच पट्टा पुढे सरकतो आणि उरलेला तळवा स्रावाच्या थराने काचेला धरून राहतो, म्हणून प्राणी उभ्या भिंतीवरूनही घसरत नाही. काचेला आधी शेवाळाचे पाणी लावून वाळवले असेल तर जिभेचे कामही दिसते: तोंडातील रेत्रिका, म्हणजे बारीक दातांच्या ओळी असलेली पट्टी, पुढे येऊन शेवाळ खरवडते आणि मागे नागमोडी स्वच्छ रेघ उरते.

काच हातात आहे तोवर श्वासाचे छिद्रही शोधावे. शंखाच्या कडेशी मांसल गळपट्टीसारखा जो प्रावाराचा, म्हणजे शंखाला आतून लागून असलेल्या मांसल आवरणाचा, काठ दिसतो, त्यात एक भोक मधूनमधून उघडते व मिटते. ते फुप्फुस-पोकळीचे दार आहे. उजव्या वळणाच्या प्राण्यात ते उजवीकडे आणि डाव्या वळणाच्या प्राण्यात डावीकडे असते. शेवटी शेपटीकडे पाहावे. मॅक्रोक्लॅमिस (बागेतील चपट्या, गुळगुळीत शंखाची गोगलगाय) आणि तिच्या नात्यातील गोगलगाईंच्या शेपटीच्या टोकाला स्रावाची खाच आणि तिच्यावर लहान शिंगासारखा उंचवटा असतो. ही खूण फोटोत हमखास सुटते, कारण सगळ्यांचा कॅमेरा डोक्याकडेच रोखलेला असतो.

शंख वाचणे

शंख टोक वर आणि मुख आपल्याकडे करून धरावा. मुख उजव्या हाताला आले तर तो उजव्या वळणाचा, डाव्या हाताला आले तर डाव्या वळणाचा. बहुतेक शंख उजव्या वळणाचे असतात. पश्चिम घाट आणि मुंबईकडील एरिओफँटा लीव्हिपेस ही मात्र नेहमीच डाव्या वळणाची असते. म्हणून कोणी कोकणातून आणलेला डावा शंख दाखवला तर लगेच ‘दुर्मिळ’ म्हणून उडी मारू नये. पिल्लाच्या शंखाचे वळण त्याच्या स्वतःच्या नव्हे तर आईच्या जनुकावरून ठरते, हे गोगलगाईंच्या जीवशास्त्रातील एक चमत्कारिक सत्य आहे.

मग वेढे मोजावेत. शंख टोकाकडून, सरळ वरून पाहावा. अगदी मधल्या गोल ठिपक्याच्या जेथून वेढा सुरू होतो तेथे एक काल्पनिक सरळ रेष ओढावी आणि त्या रेषेला वेढा जितक्या वेळा पूर्ण फिरून परत येतो तितके वेढे धरावेत. उरलेला भाग पाव, अर्धा किंवा पाऊण असा लिहावा. ‘साडेपाच वेढे’ आणि ‘साडेसहा वेढे’ यांतील फरक कित्येकदा दोन जातींतील फरक असतो, त्यामुळे अंदाजाने लिहू नये. उंची टोकापासून मुखाच्या खालच्या कडेपर्यंत, शंखाच्या अक्षाला समांतर मोजावी, आणि रुंदी त्या अक्षाला काटकोनात.

त्यानंतर शंख उलटा करून तळ पाहावा. मध्यभागी खळगा आहे का, आहे तर टाचणीचे टोक जाईल एवढा की पेन्सिलीचे, आणि मुखाच्या ओठाने तो झाकला आहे का, हे लिहावे. या खळग्याला नाभी म्हणतात. मुखाचा ओठ पातळ आणि सरळ आहे की जाड होऊन बाहेर वळलेला आहे हेही महत्त्वाचे, कारण ज्या कुळांत वाढ पूर्ण झाल्यावर ओठ वळतो त्यांत न वळलेला ओठ म्हणजे पिल्लू. मॅक्रोक्लॅमिससारख्या गोगलगाईंचा ओठ आयुष्यभर पातळच राहतो, आणि तेथे मोठे कोणते व लहान कोणते हे केवळ ओठावरून कळत नाही.

सर्वांत उपयोगी खूण मुखाच्या आत, मधल्या खांबावर, म्हणजे स्तंभिकेवर असते. मुखातून आत डोकावून या खांबाचे खालचे टोक पाहावे. ते ओठाला सलग मिळते की मध्येच सुरीने कापल्यासारखे तुटलेले आहे? तुटलेली स्तंभिका ही आफ्रिकी राक्षसी गोगलगाईची खूण आहे, आणि ती बोटाच्या पेराएवढ्या पिल्लातही दिसते. आपल्याकडील ग्लेसुला या तपकिरी, चकचकीत, लहान उंच शंखाच्या प्रजातीतही स्तंभिका अशीच तुटलेली असते. पण ग्लेसुला एकरंगी असते आणि आफ्रिकी गोगलगाईच्या पिल्लावर तपकिरी-पिवळसर उभे पट्टे असतात.

या भागात कोणाची गाठ पडू शकते

झूटेकस इन्सुलॅरिस ही कोरड्या प्रदेशाची खास गोगलगाय आहे. आफ्रिकेपासून अरबस्तानातून भारतभर आणि म्यानमारपर्यंतच्या शुष्क पट्ट्यांत ती पसरलेली आहे. शंख साधारण एक सेंटिमीटर उंच, नळकांड्यासारखा, बोथट टोकाचा, मळकट पांढरा आणि बारीक उभ्या रेषांचा असतो. ती अंडी बाहेर न घालता पिल्लांनाच जन्म देते, आणि म्हणून मोठ्या रिकाम्या शंखाच्या आत इवले शंख सापडण्याचा योग येतो. कोरड्या जागी उघड्यावर अंडी वाळून जाण्याचा जो धोका असतो तो ती अशा रीतीने टाळते. सोलापूरच्या माळरानावर हाच शंख आधी शोधावा.

कुंड्यांमध्ये आणि रोपवाटिकांच्या मातीत जो सुईसारखा निमुळता, पिवळसर पारदर्शक, एक सेंटिमीटरच्या आतबाहेरचा शंख मिळतो तो बहुधा ॲलोपीअस ग्रॅसिली असतो. जिवंत प्राण्याच्या शेवटच्या वेढ्यातून आतील गोल अंडी दिसतात. त्याच मातीत त्याच्याहून लहान, काचेसारखा, मुखाच्या आत दातांसारखे उंचवटे असलेला आणि नारिंगी-लालसर शरीराचा शंख दिसला तर तो हटोनेला बायकलर असावा. हा पाने खात नाही. इतर लहान गोगलगाईंची शिकार करतो. पाण्याच्या कडेला पानांवर सक्सिनिया असते: अंबरच्या रंगाचा कागदासारखा पातळ शंख, अगदी आखूड टोक आणि शंखाचा मोठा भाग व्यापणारे मुख. पुराच्या कचऱ्यातील तीन-चार मिलिमीटरच्या तपकिरी, वळलेल्या ओठाच्या शंखांत प्युपॉइडीस पाहावे. झाडाच्या सालीवर पांढरा, शंकूच्या आकाराचा आणि काळसर ठिपक्यांचा किंवा पट्ट्यांचा शंख दिसला तर सेरॅस्टिडी हे कुळ मनात धरावे. या कुळाचे बरेच नातेवाईक आफ्रिकेत आहेत. झाकणी असलेल्या भूचर गोगलगाई ओल्या जंगलांत जास्त असतात. पश्चिम भारताच्या कोरड्या भागात त्यांपैकी सायक्लोटॉप्सिसकडे लक्ष ठेवावे.

बागेत चपटा, गुळगुळीत, मधाच्या रंगाचा, दीड-दोन सेंटिमीटर रुंद शंख आणि त्यावर प्रावाराच्या जिभांसारख्या घड्या फिरवणारा प्राणी दिसला तर ती मॅक्रोक्लॅमिस. शंखाची चमक याच घड्यांच्या सततच्या घासण्याने राहते. शंख अजिबात नसलेला, काळा, चामड्यासारख्या पाठीचा, मधोमध फिकट रेघ असलेला जो चपटा प्राणी पावसाळ्यात मोरीजवळ येतो तो लिव्हिकॉलिस अल्टी. तो मूळचा आफ्रिकेचा आहे.

शिडीच्या कोणत्या पायरीवर थांबावे

वर्गीकरणाची शिडी वरून खाली अशी आहे: संघ मोलस्का, वर्ग गॅस्ट्रोपोडा, मग उपवर्ग, गण, कुळ, प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आणि जाती. जुन्या पाठ्यपुस्तकांत गॅस्ट्रोपोडाचे प्रोसोब्रँकिया, ओपिस्थोब्रँकिया आणि पल्मोनाटा असे तीन भाग शिकवले जात. अजूनही काही ठिकाणी तेच चालते. बुशे आणि रोक्रॉय या शंखाभ्यासकांनी २००५ साली मांडलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या रचनेत ही विभागणी मोडीत निघाली आहे. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या गोगलगाई आता हेटेरोब्रँकिया या उपवर्गात आणि झाकणीवाल्या बहुतेक भूचर गोगलगाई सीनोगॅस्ट्रोपोडात जातात.

या बदलांचा एक गमतीदार परिणाम घरच्या कुंडीतच दिसतो. नखाएवढी ॲलोपीअस पूर्वी सबुलिनिडी या वेगळ्या कुळात असे. रेणूंच्या अभ्यासानंतर ते कुळ ॲकॅटिनिडीत विलीन करण्यात आले, आणि आता ती तळहाताएवढ्या आफ्रिकी राक्षसी गोगलगाईच्याच कुळातील धरली जाते; झूटेकसही त्याच घरची. आकारावरून नाते ठरवू नये याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

प्रत्यक्ष काम करताना माझा आग्रह असा की जेथपर्यंत पुरावा पोहोचतो तेथेच नाव थांबवावे. भारतात भूचर गोगलगाईंच्या हजाराहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि मॅक्रोक्लॅमिससारख्या प्रजातीतील कित्येक जाती शंखावरून एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी जननेंद्रियांचे विच्छेदन किंवा डीएनएची तपासणी लागते. अशा वेळी ‘मॅक्रोक्लॅमिस, जाती अनिश्चित’ हीच उत्तम नोंद होय. चुकीच्या जातीनामाने भरलेली यादी पुढच्या अभ्यासकाला यादी नसण्यापेक्षा अधिक त्रास देते. नाव लिहिताना कंसाकडेही लक्ष द्यावे: ‘एरिओफँटा लीव्हिपेस (म्युलर, १७७४)’ यातील कंस सांगतो की म्युलरने ही जाती १७७४ साली वर्णिली तेव्हा तिला दुसऱ्या प्रजातीत ठेवले होते. त्या काळी जवळजवळ सगळ्याच गोल शंखांना हेलिक्समध्ये टाकण्याची पद्धत होती.

आफ्रिकी राक्षसी गोगलगाय

बार्शीकडे किंवा बागायती पट्ट्यात कोणी शेतकरी हातातील शंख पुढे करून “साहेब, ही शंखीच हाय न्हवं?” असे विचारतो तेव्हा त्याला लॅटिन नाव नको असते, निश्चित उत्तर हवे असते. शंखी म्हणजे आफ्रिकी राक्षसी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसॅकॅटिना फुलिका; तिचे वर्णन बाउडिचने १८२२ साली केले. पूर्वी तिला ॲकॅटिना फुलिका म्हणत. पूर्व आफ्रिकेची ही गोगलगाय १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडली, आणि तेथून ती देशभर पोहोचली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तिने कोवळे सोयाबीन फस्त केले, हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे.

ओळख अशी: सात ते दहा सेंटिमीटर, क्वचित वीसपर्यंत उंचीचा शंकूच्या आकाराचा शंख, सात ते नऊ वेढे, तपकिरी उभे पट्टे, तुटलेली स्तंभिका आणि बंद असलेली नाभी. फोफावण्याचे रहस्य तिच्या प्रजननात आहे. बहुतेक फुप्फुसवाल्या गोगलगाईंप्रमाणे ही उभयलिंगी असते, म्हणजे प्रत्येक प्राणी अंडी घालू शकतो. मीलनात मिळालेले शुक्राणू ती कित्येक महिने साठवून ठेवते. आणि एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहूनही अधिक, चार-पाच मिलिमीटरची पिवळसर पांढरी अंडी भुसभुशीत मातीत घालते. म्हणून रोपांच्या मातीसोबत आलेली एकच गोगलगायही नवी वसाहत उभी करू शकते. झाकणीवाल्या सायक्लोफोरिडीसारख्या कुळांत नर आणि मादी वेगळे असतात, आणि त्यांत फक्त मादीच अंडी घालते.

ही जाती ओळखली की ती जिवंत घरी नेऊ नये आणि दुसरीकडे सोडू तर मुळीच नये. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस या कृमीची पिल्ले हिच्या शरीरात वाढतात, आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हातमोजे वापरण्याचे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुण्याचे कारण हेच. शेतात तिचा बंदोबस्त करायचा तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधालगत अंथरावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात आणि नंतर खड्ड्यात पुराव्यात. मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या वापरायच्या झाल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने आणि कुत्री-कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा रीतीनेच वापराव्यात. तिच्यावर उपाय म्हणून दुसरी शिकारी गोगलगाय आणण्याची कल्पना कोणी मांडली तर पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटाची आठवण द्यावी: तेथे याच कामासाठी १९७४ साली युग्लँडिना रोझिया आणली गेली, आणि तिने राक्षसी गोगलगाई सोडून पार्ट्युला या स्थानिक प्रजातीच्या बहुतेक जातींचा फडशा पाडला.

नोंद आणि साठवण

प्रत्येक नमुन्याचे चार फोटो घ्यावेत: मुखाकडून, टोकाकडून, तळाकडून आणि, प्राणी जिवंत असल्यास, शेपटीसह पूर्ण बाजूने. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई ओलीने पसरते. तिच्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, जागेचे वर्णन, शोधणाऱ्याचे नाव, आणि प्राणी जिवंत होता की शंख रिकामा हे लिहावे. ‘सोलापूर’ एवढेच लिहिलेला शंख शोभेचा. ‘मंगळवेढा तालुका, ज्वारीच्या शेताचा बांध, दगडाखाली, २ ऑक्टोबर, पडदा धरलेला’ असे लिहिलेला शंख अभ्यासाचा.

रिकामे शंख साध्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने हलकेच साफ करावेत आणि सावलीत वाळवावेत. व्हिनेगर, लिंबू किंवा फरशीचे ॲसिड यांपैकी काहीही लावू नये. चुना फेसाळून विरघळतो आणि वरची नक्षी कायमची जाते. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा लाकडी खणातही ते ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी काही वर्षांत शंखांवर पांढरी भुकटी धरते. झाकणाची काचेची किंवा प्लास्टिकची डबी, आत थोडा कापूस आणि चिठ्ठी डबीच्या आतच, बाहेर चिकटवलेली नव्हे. जातीपर्यंत नेता न आलेले पण लक्षणीय वाटणारे नमुने पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारणा करून, याच चिठ्ठ्यांसह पाठवावेत.